चाळिशीनंतर कॅमेऱ्यासमोर: ऑडिशन, लीप, करार आणि तब्येत

१९९० च्या 'अग्निपथ'मध्ये रोहिणी हट्टंगडी अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. हट्टंगडी यांचा जन्म १९५१ चा, बच्चन यांचा १९४२ चा. म्हणजे पडद्यावरची आई मुलापेक्षा साडेआठ वर्षांनी लहान. १९९९ च्या 'वास्तव'मध्ये रीमा लागू संजय दत्तची आई होत्या आणि दोघांच्या वयात अंतर होतं तेरा महिन्यांचं. दोघींनी त्या भूमिकांचं सोनं केलं. पण नायक पन्नाशीला टेकला तरी नायकच राहतो आणि त्याच्या बरोबरीची नटी त्याची आई होते, हा हिशेब अजून फारसा बदललेला नाही. दैनंदिन मालिकांत तर तो आणखी लवकर येऊन आदळतो. बत्तीस-तेहतीसच्या मुलीला सत्तावीस वर्षांच्या नायकाच्या आईसाठी फोन येतो आणि "हो" किंवा "नाही" सांगायला अर्धा तास मिळतो.

मुंबई, ठाणे, पुण्यात मालिका, चित्रपट, नाटक आणि जाहिराती करणाऱ्या आणि पस्तिशीच्या पुढे गेलेल्या अभिनेत्रींसाठी हे टिपण आहे. त्याचा गाभा एवढाच: वय लपवण्यात जी ताकद खर्च होते, ती वयासंबंधीच्या अटी कागदावर आणण्यात लावा. वय लपत नाही. अटी मात्र लिहिल्या नाहीत तर हातातून जातात.

आधी पडद्यावरचं वय ठरवा

खरं वय आणि पडद्यावर शोभणारं वय वेगवेगळं असतं. कास्टिंगवाल्यांना दुसरं हवं असतं, आणि ते आपलं आपल्याला सहसा नीट कळत नाही. घरचे पाच-सात वर्षं कमी सांगतात, आपण कधी दहा कमी धरतो, तर एखाद्या वाईट दिवशी दहा जास्त.

मेकअप न करता, खिडकीच्या उजेडात तीन फोटो काढा: समोरून, डावीकडून, उजवीकडून. जोडीला अर्ध्या मिनिटाचा बोलतानाचा व्हिडिओ, कारण वय चेहऱ्याइतकंच मानेत, हातांत आणि आवाजात दिसतं. तुम्हाला न ओळखणाऱ्या आठ-दहा जणांना तो मैत्रिणीमार्फत दाखवा आणि एकच प्रश्न विचारायला सांगा: "ही बाई किती वर्षांची वाटते?" सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं उत्तर सोडून द्या. उरलेल्या उत्तरांमधून आठ वर्षांचा पट्टा निघतो, समजा ३८ ते ४६. प्रोफाइलवर हाच पट्टा लिहायचा. वीस वर्षांचा पट्टा लिहिला, म्हणजे "३० ते ५०", तर कलाकार सुचवणारा कोऑर्डिनेटर तुम्हाला कुठल्याच यादीत नीट बसवू शकत नाही आणि घाईच्या वेळी नाव मागे पडतं. हा खेळ दर दोन वर्षांनी पुन्हा करा.

खऱ्या जन्मसालाबद्दल खोटं बोलू नका. करारासोबत पॅन आणि आधार जातं, परदेशी शूटिंग असेल तर पासपोर्टही जातो. तिथे वेगळं साल दिसलं की प्रॉडक्शनच्या ऑफिसात तोच विषय होतो. कुणी विचारलं तर खरं वय सांगा आणि लगेच जोडा: "पडद्यावर ३८ ते ४६ करते."

फोटो आणि घरचं ऑडिशन

प्रोफाइलला सहा फोटो पुरतात: साधी सुती साडी, काठपदराची किंवा नऊवारी, सलवार-कमीज, ऑफिसात शोभेल असा पोशाख, बिनमेकअप क्लोजअप आणि केसांतली चंदेरी झाक दिसणारा एक. शेवटचा फोटो बहुतेक जणी टाळतात. डॉक्टर, न्यायाधीश, प्राध्यापिका, राजकारणी बाई अशा भूमिका शोधणारे लोक नेमका तसलाच फोटो शोधत असतात. फोटो वर्षाच्या आतले हवेत. फिल्टर आणि त्वचा गुळगुळीत करणारी अ‍ॅप्स अजिबात नकोत. फोटोतली बाई आणि लूक टेस्टला आलेली बाई वेगळी दिसली की नाराजी तुमच्यावर निघते, आणि तुम्ही आहात तशा त्यांना चालल्या असत्या हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले की ते दाबले जातात आणि त्वचा पुसट दिसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

आता बहुतेक ऑडिशन फोनवर होतात, आणि चाळिशीनंतरच्या चेहऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. दोष चेहऱ्याचा नसतो, मांडणीचा असतो. छताचा दिवा डोक्यावर असला की डोळ्यांखाली आणि नाकाच्या बाजूला सावल्या पडतात, आणि पाच वर्षं तिथेच वाढतात. फोन टेबलावर टेकवून ठेवला की कॅमेरा खालून बघतो आणि हनुवटीखालचा भाग पुढे येतो. हाताच्या अंतरावरून सेल्फी कॅमेऱ्याने काढलं की नाक मोठं आणि चेहरा लांबट होतो.

त्यामुळे असं करा. मागचा कॅमेरा वापरा, २ एक्स झूम ठेवा, फोन ट्रायपॉडवर बरोबर डोळ्यांच्या उंचीला आणि तुमच्यापासून दोन मीटरवर. फोन आडवा. भिंत साधी, फिकट राखाडी किंवा निळसर, तुमच्या पाठीमागे एक मीटर सोडून. उजेड समोरून, थोडा बाजूने. खिडकीला पातळ पांढरा पडदा असेल तर उत्तमच. रात्र असेल तर दिव्यासमोर बटर पेपर किंवा पांढरं सुती कापड धरा, पण तापणाऱ्या बल्बपासून लांब ठेवून. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की सावल्या हलक्या होतात. फोनचं 'ब्युटी' सेटिंग बंद. स्क्रीनवर चेहऱ्याला बोट दाबून उजेड आणि फोकस लॉक करा, नाहीतर मान हलली की चेहरा काळवंडतो आणि पुन्हा उजळतो. कॉलरचा छोटा माइक असेल तर लावा. पंखा बंद. समोरचे संवाद वाचणारी व्यक्ती लेन्सला चिकटून उभी राहावी, म्हणजे तुमची नजर लेन्सच्या अगदी जवळ राहते.

ओळख ४० सेकंदांत संपवा: "नमस्कार, मी अमुक. वय ४३. उंची ५ फूट ३ इंच. राहायला ठाण्यात. मराठी आणि हिंदी सहज, मालवणी घरची, वऱ्हाडी बोलते. शनिवार-रविवार नाटकाचे प्रयोग असतात." मग डावी बाजू, उजवी बाजू, हात. बोलीभाषा आवर्जून सांगा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी, कोल्हापुरी यांपैकी एक अस्सल येत असेल तर ती वयावर मात करते, कारण गावाकडच्या कथेत पन्नाशीची बाई त्या मातीतलीच वाटावी लागते आणि तशा नट्या मोजक्या असतात.

प्रसंग एकदा साधा आणि एकदा थोडा वेगळा, असे दोनच टेक पाठवा. आईच्या प्रसंगाला हमखास होणारी चूक म्हणजे वय अभिनयात घालणं. पाठीला बाक, थरथरता आवाज, पदराने डोळे टिपणं. पन्नास वर्षांची बाई बँकेत नोकरी करते, लोकल पकडते, स्कूटर चालवते. तिला म्हातारी करू नका.

आईची भूमिका आली तर

कोऑर्डिनेटरचा मेसेज बहुतेक एका ओळीचा असतो: "मदर, ४० ते ४५, दिसायला ३५, घरंदाज लूक." या ओळीत काम कळत नाही. मोठी जाहिरात कंपनी असो की नवा निर्माता, ऑडिशन पाठवण्यापूर्वी हे उत्तर पाठवा:

"नमस्कार, ब्रीफ मिळालं. पात्राचं वय किती, मुलाचं किंवा मुलीचं वय किती, तो रोल कोण करतंय, ट्रॅक किती भागांचा, महिन्याचे किमान दिवस किती आणि लीप ठरलेला आहे का, एवढं कळवा. संध्याकाळी सातपर्यंत ऑडिशन पाठवते."

ट्रॅक म्हणजे पात्राचा कथाभाग आणि लीप म्हणजे कथेतली काळाची उडी, तिच्याबद्दल पुढे आहेच. उत्तर आलं नाही तरी ऑडिशन पाठवायला हरकत नाही. पण निवड झाल्यावर पैशाचं बोलण्याआधी ही सगळी उत्तरं मिळालीच पाहिजेत. ती मिळाली की पुढचा निर्णय तीन गोष्टींवर घ्या.

पहिली गोष्ट वयाचं अंतर. पडद्यावरच्या मुलाशी तुमच्या खऱ्या वयाचं अंतर पंधरा वर्षांपेक्षा कमी असेल तर ती भूमिका तुम्हाला पाच वर्षं पुढे ढकलते, कारण पुढचा प्रत्येक कास्टिंगवाला तुमचं वय त्या मुलावरून मोजतो. अशी भूमिका घ्यायचीच असेल तर इतर दोन गोष्टी भक्कम हव्यात.

दुसरी गोष्ट पात्राचं स्वतःचं काम. पहिले दहा भाग किंवा चित्रपटाची पटकथा वाचा आणि मोजा: किती प्रसंगांत ही बाई स्वतः निर्णय घेते, आणि किती प्रसंगांत ताट वाढताना, देवापुढे किंवा दाराआडून ऐकताना दिसते. निम्म्याहून जास्त प्रसंग दुसऱ्या प्रकारचे असतील तर ती सजावट आहे. दिग्दर्शकाला सरळ विचारा की मुलाच्या गोष्टीखेरीज या बाईची गोष्ट काय आहे. त्याला उत्तर देता येत नसेल तर लेखकाकडेही ते नसतं.

तिसरी गोष्ट पैसे आणि दिवस. आईच्या भूमिकेला नायिकेपेक्षा कमी दर दिला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून दर थोडा सोडून किमान दिवस जास्त मागणं बहुतेक वेळा फायद्याचं पडतं. दिवसाला १५ हजार पण दिवसांची हमी नाही, यापेक्षा १२ हजार आणि महिन्याला १६ दिवस लेखी, हे केव्हाही बरं.

या भूमिकांना कमी लेखण्याचं कारण नाही. २०२३ च्या 'बाईपण भारी देवा'त वंदना गुप्ते, रोहिणी हट्टंगडी, सुकन्या कुलकर्णी-मोने यांच्यासह सहा जणी बहिणी होत्या, आणि ग्रुप करून आलेल्या बायकांनी थिएटरं आठवडेच्या आठवडे भरली. नीना गुप्ता यांनी २०१७ मध्ये इन्स्टाग्रामवर उघडपणे "मी मुंबईत राहते, चांगली अभिनेत्री आहे, काम शोधतेय" अशा अर्थाचं लिहिलं आणि २०१८ मध्ये त्या 'बधाई हो'मध्ये पन्नाशीत गरोदर राहिलेली आई झाल्या. आईच होती ती, पण गोष्ट तिची होती. काम मागण्यात कमीपणा नाही, हेही त्यातून घेण्यासारखं आहे.

लीप

मालिका दोन-तीन वर्षं चालली, टीआरपी घसरला की कथा पंधरा-वीस वर्षं पुढे उडी घेते. परवापर्यंत नवविवाहित असलेली नायिका सोमवारपासून कॉलेजातल्या मुलीची आई होते. मेकअप रूममध्ये केसांच्या कडेला पांढरा रंग फासला जातो, चष्मा दिला जातो, साड्या फिकट होतात, आणि कराराकडे बोट दाखवून सांगितलं जातं की पात्र तेच आहे. कागदावर ते बरोबरच असतं, कारण करारात पात्राचं नाव असतं, वय नसतं.

म्हणून सही करतानाच हे कलम घालून घ्या. शब्द असे ठेवता येतील:

"पात्राचं वय करार करताना ३२ वर्षे आहे. कथेतील काळाच्या उडीमुळे पात्राचं वय आठ वर्षांहून अधिक वाढणार असल्यास कलाकाराला किमान २१ दिवस आधी लेखी कळवले जाईल. बदल मान्य नसल्यास कलाकाराला ३० दिवसांच्या नोटिशीने, कोणतीही भरपाई न देता, करारातून मुक्त होता येईल. बदल मान्य असल्यास प्रतिदिन मानधन व किमान दिवस नव्याने ठरवले जातील."

निर्माता आठ वर्षांचे दहा करेल, २१ दिवसांचे १५ करेल. करू द्या. कलम राहिलं पाहिजे. ते सरसकट नाकारलं गेलं तर समजा की लीप डोक्यात आहे, आणि त्या हिशेबाने दर मागा.

करार आधीच झालेला असेल आणि लीपची कुजबुज सुरू झाली असेल, तर क्रिएटिव्ह टीमला ईमेल लिहा, फोन नको. नवीन पात्ररेखा, लूक टेस्टची तारीख, पुढच्या ट्रॅकमधलं तुमचं स्थान, एवढंच विचारा. लेखी उत्तर हातात असलं की बोलणी करता येतात. लीपनंतरचे पहिले तीन महिने तुमच्या दिवसांची नोंद ठेवा. नवीन नायिका रुळेपर्यंत आईला महिन्याला चार-पाच दिवस बोलावतात आणि एक्सक्लुझिव्ह करारामुळे बाहेरचं कामही घेता येत नाही. ही कोंडी सगळ्यात वाईट. त्यासाठी दुसरं वाक्य हवं: "सलग दोन महिने किमान दिवस पूर्ण न झाल्यास त्यांचे मानधन देय राहील व एक्सक्लुझिव्ह अट लागू राहणार नाही."

करारात आणखी काय पाहायचं

शिफ्ट साधारण बारा तासांची असते. ती हजेरीपासून मोजायची की मेकअप झाल्यापासून, हे लिहून घ्या. वयस्क गेटअप असेल तर मेकअपला तास-दीड तास जास्त लागतो आणि तो तुमच्या झोपेतून जातो. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, नायगावला किंवा मढला सेट असेल तर रात्रीच्या परतीची गाडी. दोन शिफ्टमध्ये किमान बारा तासांचं अंतर. आदल्या रात्री आठनंतर शूटिंग रद्द झालं तर अर्ध्या दिवसाचं मानधन. ऐन वेळी भांडण्यापेक्षा हे सगळं दोन ओळींत आधी लिहिणं सोपं.

नाटक करत असाल तर प्रयोगाच्या तारखा देण्याची अट मुख्य करारातच हवी: "महिन्यातील सहा दिवस, पंधरा दिवस आधी कळवून." प्रॉडक्शन कंट्रोलरच्या तोंडी शब्दावर राहिलात तर शनिवारी चारला गडकरी रंगायतनला प्रयोग आणि दोनला सेटवर तुमचा क्लोजअप बाकी, हे ठरलेलं.

एक नवं कलम आता प्रत्येक करारात लागतं. तुमचा चेहरा डिजिटल पद्धतीने तरुण किंवा वृद्ध करणं, आवाजाची नक्कल बनवणं, न केलेला प्रसंग तुमच्या प्रतिमेने बनवणं, यासाठी प्रत्येक वेळी वेगळी लेखी परवानगी आणि वेगळं मानधन. "सर्व माध्यमांत, आज ज्ञात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या तंत्राने, कायमस्वरूपी" अशी ओळ छापील करारात बहुधा असतेच. ती शूट झालेल्या कामापुरती ठेवा आणि पुढे जोडा: "यात कलाकाराच्या प्रतिमेच्या वा आवाजाच्या कृत्रिम निर्मितीचा समावेश नाही." वाढत्या वयाच्या नटीला याची झळ आधी लागेल, कारण तरुणपणीच्या फ्लॅशबॅकसाठी तिचंच जुनं रूप वापरणं स्वस्त पडतं.

चेहरा, साडी आणि चाळिशी

आजच्या कॅमेऱ्यांत जाड बेस लपत नाही. पावडर आणि पॅनकेक बारीक सुरकुत्यांत जाऊन बसतं, आणि चार तासांनी तिथे भेगा पडल्यासारख्या दिसतात. मेकअप दादांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा: आधी मॉइश्चरायझर, दहा मिनिटं थांबायचं, मग पातळ बेस, कन्सीलर फक्त डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात, पावडर कपाळ-नाक-हनुवटीपुरती. डोळ्यांखाली पावडर नको. टचअप करताना आधी टिश्यूने घाम टिपायचा, पुसायचा नाही, आणि मगच पावडर. घामावर पावडर बसली की थर होतो.

विग किंवा केसांचा पॅच लागणार असेल तर चिकटवायचा गम दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. केसांच्या रंगाचंही तसंच. पुरळ उठलं तर ४८ तासांत कळतं. ऐन शूटिंगच्या सकाळी कपाळावर पुरळ आलं तर तो दिवसही जातो आणि बोलणीही खावी लागतात.

बोटॉक्सबद्दल. कुणी घ्यावं, न घ्यावं हा ज्या त्या बाईचा प्रश्न. व्यवहाराची माहिती अशी: परिणाम पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात आणि तो तीन-चार महिने टिकतो. शूटिंगच्या आदल्या आठवड्यात घेतलं तर कंटिन्युइटी बिघडते; पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या आणि दहाव्या दिवशी नाहीत. त्वचारोगतज्ज्ञाखेरीज कुणाकडूनही घेऊ नका, आणि डॉक्टरांना सांगा की कपाळ आणि भुवया हलल्या पाहिजेत. काळजी, संशय, रडू येण्याआधीचा क्षण हे सगळं तिथे घडतं. क्लोजअपमध्ये भुवई हलली नाही तर संवादाला आधार राहत नाही. "पंधरा दिवसांत पाच किलो कमी करा" असं सांगणाऱ्यांचंही ऐकू नका. घाईने वजन उतरवलं की गाल आधी उतरतात आणि चेहरा जास्त थकलेला दिसतो.

रजोनिवृत्तीबद्दल सेटवर कुणी बोलत नाही. ती भारतात सरासरी ४६-४७ च्या आसपास येते आणि त्याआधीची चार-पाच वर्षं झोप मोडणं, घामाचे लोट, चिडचिड, शब्द पटकन न आठवणं हे चालू असतं. त्यात नऊवारी, दागिने, समोर दिवे आणि आवाजासाठी एसी बंद. उपाय साधे आहेत. परकर आणि अस्तर सुतीच, पॉलिस्टर नको. ब्लाउजला घामाचे पॅड. मानेवर धरायला छोटा पंखा आणि टेकच्या मधे मनगटावर थंड पाणी. पहिल्या सहायक दिग्दर्शकाला एकदाच सांगून ठेवा की लग्नाचे, भारी साडीचे प्रसंग सकाळी लावा. कारण सांगायची गरज नाही, पण सांगितलं तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव दिसला तर शूटिंगचं वेळापत्रक न बघता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. हार्मोनच्या गोळ्या कुणा मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका.

आणि डोळे. मराठीत जवळच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात ते उगीच नाही. सीनची पानं ऐन वेळी, बारीक अक्षरांत, अंधाऱ्या सेटवर हातात येतात. पात्राला चष्मा नसतो, कंटिन्युइटीमुळे तुम्हाला तो घालता येत नाही. मग नटी दोन शब्द चुकते, आणि "हल्ली त्यांचं पाठांतर राहत नाही" अशी आवई उठते. खरं कारण एवढंच असतं की पान दिसलेलं नसतं. सहायक दिग्दर्शकाला सांगा की तुमची प्रत १६ पॉइंटमध्ये छापायची, किंवा पीडीएफ टॅबवर पाठवायची. मेकअप चालू असतानाच वाचायला चष्मा हातात ठेवा. पानं आदल्या रात्री मागा. दहापैकी चार वेळा तरी मिळतात. प्रॉम्प्टिंग घ्यायला संकोच करू नका, ते सगळेच घेतात.

पैशाचा हिशेब

वर घेतलेलंच उदाहरण पुढे नेऊ. १२ हजार दराने १६ दिवस म्हणजे महिन्याला १,९२,००० रुपये. १० टक्के टीडीएस १९,२००, हातात १,७२,८००. मालिकेचे पैसे साधारण ९० दिवसांनी येतात, म्हणजे जूनच्या कामाचे ऑक्टोबर उजाडेपर्यंत. मालिका अचानक बंद झाली तर तीन महिने जुने पैसे येत राहतात आणि मग एकदम कोरड पडते. पुढचं काम मिळाल्यावरही पहिला पैसा यायला पुन्हा तीन महिने. चाळिशीनंतर दोन कामांमधलं अंतर वाढतं, म्हणून निदान आठ महिन्यांचा घरखर्च मोडता येईल अशा ठेवीत ठेवा.

या दराने वर्षाचे २३,०४,००० होतात. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे, म्हणजे नोंदणी लागते. बऱ्याच जणींचं हे राहून जातं आणि दंडाची नोटीस आल्यावर कळतं. नोंदणीनंतर बिलावर १८ टक्के लावायचा, आणि तो भरायची तारीख पुढच्या महिन्याची २० असते. निर्मात्याचे पैसे तीन महिन्यांनी आले तरी कर आधी भरावा लागतो. ही रक्कम, वरच्या उदाहरणात महिन्याला ३४,५६० रुपये, वेगळ्या खात्यात बाजूला हवी. आयकरात कलाकारांना निम्मं उत्पन्न गृहीत धरून कर भरायची सोय आहे. वर्षाची कमाई ५० लाखांच्या आत असावी लागते, आणि रोखीने आलेली रक्कम पाच टक्क्यांच्या वर नसेल तर ७५ लाखांच्या आत. सीएला विचारून ठरवा.

आरोग्यविमा स्वतःचा घ्या, आणि पंचेचाळिशीच्या आत. साखर, रक्तदाब, थायरॉइड निघाल्यावर हप्ता वाढतो आणि त्या आजारांसाठी थांबावं लागतं. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे. पन्नाशीनंतर अर्ज करता येतो, महिन्याला ५,००० रुपये मिळतात, पण उत्पन्नाची अट कडक आहे. त्यासाठी जुन्या कामाचे पुरावे लागतात: हस्तपत्रिका, कात्रणं, करार. आजपासून एक फाइल सुरू करा.

एकाच दोरीवर उभं राहू नका

मराठी रंगभूमी ही आपली मोठी शिदोरी आहे. नाटकात पन्नाशीच्या बाईची प्रमुख भूमिका लिहिली जाते, दहाव्या रांगेतून सुरकुती दिसत नाही, आणि पैसे नाइटप्रमाणे, म्हणजे दर प्रयोगाचे, बहुतेकदा त्याच रात्री मिळतात. डबिंगला चेहऱ्याचं वय लागतच नाही. मात्र आवाज पंचेचाळिशीनंतर थोडा खाली उतरतो आणि कोरडा पडतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी पाणी भरपूर, चहा कमी, आणि माइकसमोर जाण्याआधी दहा मिनिटं ओठ मिटून गुणगुणणं. डबिंगचा नमुना म्हणून एक-एक मिनिटाचे तीन तुकडे ठेवा: कथन, रागाचा प्रसंग, जाहिरात.

जाहिरातीत दिवसाच्या दरापेक्षा वापराची मुदत महत्त्वाची. टीव्ही, डिजिटल, होर्डिंग हे वेगळे धरा, एक वर्षापुरते द्या, आणि नूतनीकरणाची रक्कम आधी ठरवा. मुदत नसेल तर त्याच फोटोतली गुडघेदुखीच्या तेलाची बाई तुम्ही दहा वर्षं राहता, आणि दुसऱ्या तेलाचं काम घेता येत नाही.

"कार्ड बनवा, नोंदणीचे पाच हजार भरा, मग आईचा रोल पक्का" असं सांगणारा कुणीही खरा कास्टिंगवाला नसतो. निवडीसाठी कलाकाराकडून पैसे घेतले जात नाहीत.

पैसे अडले किंवा त्रास झाला तर

रोज घरी पोचल्यावर दोन मिनिटं द्या: तारीख, कॉल टाइम, पॅकअपची वेळ, केलेले प्रसंग, आणि कॉल शीटच्या, म्हणजे दिवसाच्या वेळापत्रकाच्या, मेसेजचा स्क्रीनशॉट. पैसे थकले की हीच वही उपयोगी पडते. ९० दिवस उलटले की पहिल्या आठवड्यात ईमेल, पंधरा दिवसांनी दुसरा, मग सिंटाकडे लेखी तक्रार. कराराची प्रत, बिलं आणि ही नोंदवही जोडून. ही कलाकारांची संघटना १९५८ पासून आहे आणि सभासदाची बाजू घेऊन निर्मात्याशी बोलते. सभासदत्व काम चालू असतानाच घ्या. कोर्टात वसुलीचा दावा करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा "पुढच्या महिन्यात बघू" ऐकत वर्षं घालवू नका.

लैंगिक छळ तरुण मुलींनाच होतो असा एक गैरसमज आहे. "आता तुम्हाला कोण काम देणार" या धमकीआड तो कुठल्याही वयात होतो. २०१३ चा कायदा कराराने काम करणाऱ्या कलाकारालाही लागू आहे, आणि प्रॉडक्शनने दिलेली गाडीसुद्धा कामाची जागा धरली जाते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. पहिल्या दिवशी कॉल शीटवर तिचे नंबर आहेत का बघा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, लेखी. समितीच नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. सोबत तारीख, वेळ, जागा, आसपास कोण होतं आणि नंतर आलेले मेसेज द्या. फोन बदलण्यापूर्वी ते मेसेज ईमेलवर उतरवून ठेवा.